खुर्चीवरचा टॉवेल

थायलंडला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या इमारतीतल्या एका काकांनी मला जिन्यात गाठलं. "थायलंड? आणि तेही आईवडलांना घेऊन?" मी म्हटलं, "हो. तुम्ही कुणाला घेऊन गेला होतात?" त्यानंतर त्यांनी चौकशी केली नाही.

खरं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतंच. आई पाणी पीत नव्हती, म्हणून आम्ही थायलंडला गेलो.

त्याच्या आदल्या वर्षी, पावसाळा संपता संपता, माझा धाकटा भाऊ खडकवासल्याच्या पाण्यात गेला. रविवारी ऑफिसातल्या मित्रांबरोबर कणसं खायला म्हणून गेला होता. काठावरच्या गाळात पाय सरकला. दुसऱ्या दिवशी सापडला. त्याला पोहता येत नव्हतं, लग्न झालेलं नव्हतं, उंचीनं तो पप्पांच्या वर गेला होता आणि घरात सगळ्यांत मोठ्यानं हसणारा तोच होता. जास्त सांगायला गेले तर मला पुढचं लिहिता येणार नाही.

पुण्याच्या नळाला पाणी खडकवासल्याहून येतं. हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, पण माहीत असणं वेगळं. तो गेल्यावर काही दिवसांनी आईनं येरवड्याच्या घरात नळाखाली पेला धरला, भरला, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि ओतून दिला. त्या दिवसापासून तिचं पाणी पिणं सुटलं. नारळपाणी प्यायची, कलिंगड खायची, दुधावर भागवायची. मी पाण्याचे जार लावून दिले, तर म्हणाली, "आणि जारवाला कुठून भरतो?" मी सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. मी तिला कागदावर जलचक्राची आकृती काढून दाखवली. दोनदा तिला सलाईन लावावं लागलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, जणू काही पेला मीच लपवून ठेवत होते.

मग मी विचार केला, की जिथलं पाणी वेगळं आहे अशा जागी हिला न्यावं. महाबळेश्वर, कोकण सगळं सुचवून झालं. ती नुसती मान हलवायची. थायलंड म्हटल्यावर मात्र पप्पा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "बौद्ध देश आहे. बघण्यासारखं असेल." आमच्या घरात ठराव असाच पास होतो. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. आई, पप्पा, मी आणि माझी सात वर्षांची लेक, असे चौघं निघालो.

पप्पांबद्दल सांगितलं पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा पप्पांना पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, हे त्यांच्या दृष्टीनं नुसतं म्हणायचं नव्हतं, तसं वागायचं होतं. येरवड्याला आमच्या चाळीजवळच्या चौकात अमावास्येला कुणी ना कुणी उतारा ठेवून जायचं. नारळ, लिंबू, कुंकू लावलेला दहीभात. लोक तो चौक वळसा घालून जायचे. पप्पा ऑफिसला जाताना सरळ तिथं वाकायचे, नारळ उचलायचे, दगडावर फोडायचे आणि खोबरं आम्हा दोघा भावंडांच्या हातावर ठेवायचे. वर मोठ्यानं म्हणायचे, "असेल कुणी तर या. माझ्याशेजारी बसून जेवा." कुणी आलं नाही. आम्ही दोघं त्या खोबऱ्यावर वाढलो, दात चांगले आले, परीक्षेत पास झालो. चाळीतल्या बायका आईला म्हणायच्या, "तुमच्या ह्यांना सांगा हो जरा." आई म्हणायची, "तुम्हीच सांगा, माझं कोण ऐकतंय!"

भाऊ गेला तेव्हाही पप्पा असेच उभे राहिले. आमच्यात जलदान विधी करतात. भन्तेजी गाथा म्हणतात आणि घरचे लोक एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाण्याची धार धरतात. पप्पांनी तोही करू दिला नाही. नातेवाईक समजवायला आले, तर एवढंच म्हणाले, "पाण्यात गेलेल्याला आणखी पाणी कसलं देता?"  शोकसभा झाली, त्याची पुस्तकं वस्तीतल्या अभ्यासिकेला दिली, संपलं. त्या दिवसानंतर पप्पांनी त्याचं नाव घेतलं नाही. 'तो' म्हणायचे, आणि तेही अगदीच अडलं तर. आईला वाटे, आपण एकदा तरी धरणावर जावं, काठावर उभं राहावं. पप्पा म्हणायचे, "तिथं काय आहे?" हाच प्रश्न त्यांच्यात वर्षभर पडून होता. तिथं काय आहे, किंवा कुठंही काय आहे. आईला त्याचं उत्तर हवं होतं आणि पप्पांच्या मते ते कधीच देऊन झालं होतं.

बँकॉकला आम्ही सगळे बघतात ते बघितलं. सोनेरी विहार, पडलेला प्रचंड बुद्ध, बोटी, मॉल. आईनं विमानातून उतरल्या उतरल्या पाण्याची बाटली मागितली आणि उभ्या उभ्या अर्धी संपवली. मी तोंड फिरवून रडून घेतलं. माझा हिशोब बरोबर आला होता. तीन दिवसांनी आम्ही उत्तरेकडच्या एका जुन्या गावी गेलो. मोडकळीला आलेले स्तूप, संथ तपकिरी नदी आणि काठावर एका म्हाताऱ्या बाईचं लाकडी घर. वरच्या खोल्या ती पाहुण्यांना द्यायची. खाली मोठा ओटा होता, तिथं जेवणाचं टेबल. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. माझ्या फोनमध्ये भाषांतर करणारं ॲप होतं. ती तिच्या भाषेत बोलायची आणि फोनमधून एक बाई सपाट आवाजात मराठी बोलायची. पप्पा तिला 'तुझी ती कारकून' म्हणायचे.

अंगणाच्या कोपऱ्यात एका खांबावर छोटंसं घर होतं. उतरतं छप्पर, पायऱ्या, आत बोटाएवढ्या म्हातारा-म्हातारीच्या बाहुल्या. पुढं उदबत्त्या, वाटीत भात आणि लाल सरबताची उघडी बाटली, तिच्यात नळीसुद्धा घातलेली. तिकडे घरोघरी असं असतं. आम्ही पोचलो त्या दुपारी लेकीनं विचारलं, "आजोबा, हे कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही," पप्पा म्हणाले. "जागेतली भुतं गप्प राहावीत म्हणून लोक ठेवतात. घाबरतात, दुसरं काय!" मग त्यांनी, मला अडवायला वेळच मिळाला नाही, ती बाटली उचलली, नळी काढून टाकली आणि सरबत घटाघटा पिऊन टाकलं. बाटली परत ठेवून बाहुल्यांना म्हणाले, "असेल कुणी तर या. माझ्याशेजारी बसा."

लेक खिदळली. मी लाजेनं अर्धी झाले, कारण मालकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी हात जोडून माफी मागायला पुढं झाले. पण त्या रागावल्या नव्हत्या. त्या पप्पांकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर पप्पांच्या डाव्या खांद्याशेजारी होती, जराशी वर, आपल्यापेक्षा उंच माणसाशी बोलताना असते तशी. मग त्यांनी कुणाला तरी पाहून करावी तशी थोडी मान लववली आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाभोवती पाच खुर्च्या होत्या. आदल्या रात्रीच्या जेवणाला चार होत्या. पाचवी पप्पांच्या डाव्या हाताला. पुढं ताटली, चमचा, पाण्याचा पेला. मला वाटलं, बाईंची मोजणी चुकली. मी ताटली उचलून बाजूला ठेवली. त्या तांदळाची पेज घेऊन आल्या, ताटली परत जागेवर ठेवली आणि माझ्या फोनकडे बोट केलं. मी तो पुढं धरला. त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या. फोनमधली बाई म्हणाली, "तो रात्रभर उभा होता. त्याला बसू द्या."

 पप्पांनी पेजेचा चमचा तोंडात घातला, गिळला आणि म्हणाले, "तुझ्या कारकुनाला निवृत्त कर आता."

मीही हसले. मोठ्यानं हसले, कारण माझ्या मानेवर काटा आला होता आणि मला तो कुणाला दिसायला नको होता. आई हसली नाही. ती त्या भरलेल्या पेल्याकडे बघत होती.

त्या सकाळी आम्ही गावातल्या विहारात गेलो. पप्पा पांढरा सदरा घालून निघाले होते. विहारात गेलं की त्यांचा चेहरा उजळतो. भन्तेंची रांग गाथा म्हणत होती. आधी मला काही कळेना. मग पप्पांनी माझं मनगट धरलं. "ऐक, त्रिशरण." शब्द आमचेच होते, आम्ही घरात रोज म्हणतो तेच, पण सूर निराळा, उच्चार निराळे. आपल्याच घरातलं माणूस परक्या आवाजात बोलायला लागावं तसं ते ऐकू येत होतं. पप्पांनी डोळे मिटले आणि त्यांच्या सुरात सूर मिसळायचा प्रयत्न केला. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

गाथा संपल्या आणि आजूबाजूच्या बायकांनी पिशव्यांतून लहान पितळी तांबे काढले. वाट्यांत पाण्याची बारीक धार धरली. पप्पांनी डोळे उघडले तेव्हा आमच्या चारी बाजूंना पाणी वाजत होतं. सगळीकडून एकच बारीक आवाज, आणि त्याखाली भन्तेंचं पुटपुटणं. हे जलदान आहे हे सांगायला फोनची गरज नव्हती. शेजारच्या बाईनं आईपुढं आपला तांब्या केला. वापरा, असं खुणेनं म्हणाली. आईनं पप्पांकडे पाहिलं. पप्पा उठले, चपला हातात घेतल्या आणि बाहेर चालायला लागले. आईनं तांब्या परत दिला, नमस्कार केला आणि त्यांच्या मागं निघाली. तिच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी कधी विसरणार नाही. राग असता तर बरं झालं असतं.

परत आलो. ओट्यावर ऊन आलं होतं. पाचव्या खुर्चीच्या पाठीवर एक टॉवेल टाकलेला होता.

साधा पांढरा टॉवेल, आमच्या खोल्यांत होते तसाच. बाकीच्या खुर्च्यांवर नव्हता. आई पायरीवरच थांबली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "तू सांगितलंस तिला?"

"काय?"

"तो पाण्यात गेला म्हणून."

मी सांगितलं नव्हतं. मी पप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? मला तिची भाषा येते का?" आईला येत नव्हती. राहिली लेक. ती आदल्या संध्याकाळी माझा फोन घेऊन बाईंजवळ स्वयंपाकघरात बसली होती. मला एकदम हायसं वाटलं. तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "तू त्या आजींना मामाचं सांगितलंस का गं?"

"नाही," ती म्हणाली. "त्यांनीच मला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"मामाला थंडी वाजतेय."

माझ्या लेकीला खोटं बोलता येतं. सगळ्या पोरांना येतं. पण खोटं बोलताना ती माझ्याकडे बघत नाही, आणि तेव्हा ती बघत होती. पप्पा म्हणाले, "पोरीनं काहीतरी सांगितलं असणार, बाईनं जुळवलं. अशीच जुळवाजुळव करतात सगळे बुवा-बाबा." हे अगदी शक्य होतं. मीही तेच म्हणाले असते. मी खुर्चीपाशी गेले आणि टॉवेलला हात लावला. ओलसर होता. नदीकाठची हवा, काहीच नीट वाळत नाही तिथं, आमचे कपडेही दोन-दोन दिवस दोरीवर दमट राहत होते. हे सगळं मी मनात वर्गात सांगते तसं सांगितलं. आणि हात पदराला पुसावा तसा कितीतरी वेळ कुर्त्याला पुसत राहिले.

त्या दिवसापासून आम्ही फिरायला जाईनासे झालो. म्हणजे पप्पा लेकीला घेऊन जायचे, स्तूप बघायचे, फोटो काढायचे. आई ओट्यावर बसून असायची. तिनं आपल्या बॅगेतून एक डबा काढला. सुक्या बोंबलाची चटणी. आमच्यात ती एकट्या भावालाच आवडायची. बाकी कुणी तिच्याकडे बघतही नाही. आईनं ती पुण्यात करून, वास येऊ नये म्हणून पिशवीत पिशवी बांधून, कस्टममधून आणली होती. कशासाठी, हे मी विचारलं नाही. तिनं ती पाचव्या ताटलीत वाढली. मालकीणबाईंनी वास घेतला, खूश झाल्या आणि त्यावर लिंबू पिळलं. दोघी एकमेकींचं एक अक्षर न कळता तासन्‌तास बोलायच्या. मालकीणबाई टॉवेल बदलायच्या. आई पाणी प्यायची. एक पेला स्वतः, एक भरून तिथं ठेवायचा. तिच्या गालांवर रंग आला. डॉक्टरांना दाखवायला न्यावी इतकी ती बरी दिसत होती, आणि मला तिची भीती वाटत होती.

मी एकदा म्हटलं, "आई, हे बरं नाही."

"का? कुणाचं काय बिघडतंय?"

"तुला खरंच वाटतं तो आहे तिथं?"

तिनं विचार केला. मला वाटतं, तिनं मनापासून विचार केला. "मला दिसत नाही," ती म्हणाली. "पण तिला दिसतोय ना? तेवढं बस आहे मला. वर्षभर कुणालाच दिसत नव्हता."

पप्पा टेबलावर आपल्या जागीच बसायचे. खुर्ची बदलली नाही, कारण बदलली तर मान्य केल्यासारखं झालं असतं. पण ते डावा कोपर टेबलावर ठेवेनासे झाले. डाव्या हाताला असलेली मिठाची बाटली ते उजव्या हातानं, पुढं वाकून घ्यायचे. हे त्यांना स्वतःला कळत होतं का, मला माहीत नाही. एकदा लेक पळत आली आणि त्या खुर्चीवर चढायला लागली, तर ते ओरडले, "तिथं नको!"  थोड्या वेळानं म्हणाले, "ओली आहे ती. कपडे खराब होतील."

निघायचा दिवस आला. सकाळी दहाच्या सुमाराला गाडी आली. बॅगा टाकल्या. मालकीणबाईंनी आईला मिठी मारली, केळीच्या पानात बांधलेला भात दिला. मग माझा फोन मागितला आणि पप्पांच्या समोर उभं राहून बोलल्या. त्यांना आमच्यात कुणाशी बोलायचं ते बरोबर कळत होतं. फोनमधली बाई म्हणाली, "त्याला हाक मारा. अचानक गेलेल्याला घरच्यांनी नावानं बोलवावं लागतं. तुम्ही त्याला पाण्यापासून बोलावलं नाही. इथं तुम्ही बोलावलंत, म्हणून तो आला. आता नेणार नसाल तर तो इथंच राहील."

 पप्पांनी बाईंना नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसले. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही रडेल, हट्ट करेल, त्याला हाका मारेल. ती शांतपणे खुर्चीपाशी गेली, ताटलीतला भात सारखा केला, पेला भरला आणि येऊन गाडीत बसली.

गाडी निघाली. अंगणाच्या फाटकापर्यंत आली.

"आई," मी म्हटलं, "तू हाक नाही मारलीस?"

"नाही."

"का?"

"राहू दे त्याला इथं," आई म्हणाली. आवाज साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "इथं त्याला जेवायला वाढतात. अंग पुसायला देतात. घरी नेऊन काय करू? घरी त्याचं नाव घ्यायचं नाही."

पप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. मला त्यांची फक्त मान दिसत होती. ती आधी तांबडी झाली आणि मग तिच्यातला रंगच गेला. त्यांनी ड्रायव्हरच्या हातावर हात ठेवला. "थांबवा," ते मराठीतच म्हणाले. गाडी थांबली. ते उतरले आणि अंगणातून परत चालत गेले.

आम्ही काचेतून बघत होतो. ते ओट्यावर चढले. मालकीणबाई आत निघून गेल्या, त्यांना एकट्याला सोडून. पप्पा खुर्चीसमोर उभे राहिले. मग आपली नेहमीची खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसले. त्यांचे ओठ हलत होते. लांबून काही ऐकू येत नव्हतं. कधी थांबायचे, मान कलती करून ऐकल्यासारखं करायचे, मग परत बोलायचे. एकदा त्यांनी हात उचलला आणि कुणाच्या तरी केसांवरून फिरवावा तसा हवेत, डोक्याच्या उंचीवर, फिरवला. लेक माझ्या कुशीत शिरली. "आजोबा कुणाशी बोलतायत?" तिनं विचारलं. मी तिचे डोळे झाकले. का झाकले, मला सांगता येणार नाही. 

फार वेळानं ते परत आले. पुढं बसले नाहीत, मागं आले, आईच्या शेजारी. डोळे लाल होते.

"नाही येत म्हणाला," ते म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही नीट बोलावलं नसेल."

"बोलावलं गं," पप्पा म्हणाले. "नाव घेऊन बोलावलं. खूपदा बोलावलं." आणि त्यांनी भावाचं नाव घेतलं, आमच्यासमोर, मोठ्यानं. मग माझे पप्पा, चौकातल्या उताऱ्यातला नारळ न कचरता उचलणारे माझे पप्पा, आईच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडले. आई त्यांची पाठ थोपटत होती आणि म्हणत होती, "राहू दे हो. राहू दे. हट्टीच आहे तो." गाडी सुरू झाली. फाटकातून बाहेर पडताना मी मागं वळून बघितलं नाही. मला बघायचं होतं, पण मी बघितलं नाही.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण आहे. म्हाताऱ्या माणसानं आपल्या बायकोसाठी एक खोटं सांगितलं. एवढंच. अडचण अशी, की पप्पा असं खोटं सांगत नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, मुलीला स्वयंपाक येतो का, तर म्हणाले, "नाही." मरायला टेकलेल्या शेजाऱ्यानं विचारलं होतं, मी वाचेन का हो, त्यालाही ते 'हो' म्हणू शकले नव्हते. पुण्याला आल्यावर मी त्यांना एकटं गाठून विचारलं, "पप्पा, खरं सांगा. तुम्ही तिथं काही ऐकलंत?"

"मी गाडीत काय सांगितलं ते तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

आई आता नळाचं पाणी पिते. डॉक्टर खूश आहेत, परदेशी हवा मानवली म्हणतात. घरात भावाचं नाव निघतं, सारखं निघतं. त्याचा फोटो कपाटातून बाहेर भिंतीवर आला. सगळ्यांना वाटतं दोघं सावरले. मलाही आधी तेच वाटलं.

गेल्या रविवारी येरवड्याला गेले होते. दोघं गॅलरीत चहा पीत बसले होते. पप्पा घड्याळाकडे बघून म्हणाले, "तिकडं आता जेवणं चालू असतील."

"नदीचे मासे मिळतात त्याला," आई म्हणाली. "परवापासून जरा बरं वाटतंय म्हणे. खोकला कमी आहे."

 कुणाकडून कळलं हिला? त्या बाईंचा फोन नंबर आमच्याकडे नाही. मी विचारलं नाही, कारण त्या दोघांना विचारण्यासारखं त्यात काही वाटत नव्हतं. मला एकदम फार एकटं वाटलं. त्यांचा मुलगा त्यांना सापडला होता. माझा भाऊ मला कुठंच सापडत नव्हता, ना धरणावर, ना त्या ओट्यावर, ना त्याच्या फोटोत. आणि राग आला, त्या दोघांचा, त्याचाही. मी जवळजवळ ओरडलेच. "आई, पुरे झालं आता. तो नाहीये. कळतंय का तुम्हाला? नाहीये तो!"

आई दचकली नाही. तिनं माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की मला खाली बघावं लागलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "हो गं बाई. माहितीये आम्हाला. इथं नाहीच तो."

आणि पप्पांनी मान डोलावली.